खराडीच्या बागेतलं आंदण

पानिपताला दहा-बारा वर्षं उलटून गेली होती आणि पुणं पुन्हा बाळसं धरत होतं. त्या दिवसांत सरदार सर्जेरावांनी खराडीच्या शिवारात, नदीच्या वळणावर, बाग उठवली. उत्तरेच्या स्वारीत त्यांनी पातशाही बागा पाहिल्या होत्या आणि त्या त्यांच्या डोक्यातून जात नव्हत्या. नदीकडे उतरत गेलेली जमीन टप्प्याटप्प्यांनी बांधून घेतली. मधोमध दगडी पाट, पाटात कारंजी, दोन्ही बाजूंना सुरूची झाडं, खालच्या अंगाला हरणांसाठी कुंपण. सगळ्यात वर बंगला. बंगल्याच्या सज्जातून नदी नीट दिसत नव्हती, म्हणून मध्ये आलेली कुणब्यांची पाच-सहा घरं उठवून पलीकडे मांजरीच्या बाजूला नेली. त्या घरांची जोती फोडून निघालेले दगड पाटालाच लागले.

शहरातली बडी मंडळी रथातून, मेण्यातून बाग बघायला यायची. कारंजी उडायची, मोर ओरडायचे, पाहुणे वाहवा करायचे. वरचा हौद भरण्यासाठी विहिरीवर सकाळपासून मोटा चालू असायच्या, पण त्यांचा कुरकुर आवाज बंगल्यात येऊ नये म्हणून विहिरीभोवती बांबूचं दाट बन लावलं होतं.

या बागेतल्या मोगऱ्याच्या वाफ्यांवर मैना राबायची. मैना कुणबीण होती. विकत घेतलेल्या बाईला तेव्हा कुणबीण म्हणत. तिच्यावर मालकाचा हक्क, आणि तिला पोर झालं तर त्याच्यावरही मालकाचाच. दुष्काळात आईबापांनी मैनेला दाण्यांवर एका घरी देऊन टाकलं, त्या घरातली मुलगी पुढे सर्जेरावांना दिली, आणि हंडे, समया, पलंग यांच्याबरोबर मैनाही आंदण म्हणून नवरीमागे आली. ती नवरी म्हणजे आताच्या बाईसाहेब. तेव्हा दोघीही न्हात्याधुत्या व्हायच्या होत्या. पहिल्या रात्री दोघी एकाच कोपऱ्यात रडल्या होत्या, ते मैनेला आठवत होतं. बाईसाहेबांना आठवत होतं की नाही, ते विचारायची सोय नव्हती.

मैनेला एक मुलगी होती, शकू. शकूचा बाप कोण, असं कुणी कधी विचारलं नाही, कारण शकूचं नाक सरदारांचं होतं. तेच सरळ, टोकाला किंचित वळलेलं नाक सरदारांच्या लेकीलाही होतं. ही लेक विजयमालाबाई आणि शकू बागेत एकत्र वाढल्या, हरणांना कोवळा पाला घालायला एकत्र पळत गेल्या. पाहुणे आले की बाईसाहेब शकूला मोटेकडे पिटाळायच्या. शकू मोठी होत गेली तसं ते नाक जास्तच दिसायला लागलं, आणि बाईसाहेबांचं तिच्याकडे बघणंही बदललं.

विजयमाला बारा वर्षांची झाली आणि तिचं लग्न ठरलं. स्थळ मोठं होतं, नर्मदेच्याही पलीकडचं. लग्न बागेतच लावायचं ठरलं. मग काय, बागेत पाय ठेवायला जागा उरली नाही. पाट घासले, सुरू कातरून सारखे केले, वाळलेलं एकेक पान वेचलं. मोगऱ्याला लग्नाच्या आठवड्यात बहर यायला हवा होता, म्हणून मैनेने वाफ्यांचं पाणी तोडून झाडं आधी ताणावर ठेवली आणि मग एकदम पाणी सोडलं. हिरव्या कळ्या टिच्चून आल्या, तेव्हा बाईसाहेब स्वतः वाफ्याशी आल्या. कळ्या पाहून त्या समाधानाने हसल्या आणि त्याच आवाजात म्हणाल्या की विजयमालेबरोबर आंदण म्हणून शकूला द्यायचं ठरलंय.

मैनेने खुरपं खाली ठेवलं. तिने पाया पडून सांगितलं की माझं एकुलतं पोर आहे, वाटलं तर मला पाठवा. बाईसाहेब रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, विजयमालेनंच तिला मागितलंय. पोरीचं खाण्यापिण्याचं चांगलं होईल, तिकडचं घर आपल्याहून थोर आहे.

मैना विजयमालेकडे गेली. मुलगी सज्जात बसून मेंदी बघत होती. मैनेने विषय काढताच तिचे डोळे भरले. तिने हळूच सांगितलं की तिकडे कुणाची भाषाही कळत नाही म्हणतात, शकू असली की मला भीती वाटणार नाही. एवढं बोलून तिने मैनेचा पदर धरला आणि सोडेना.  मैनेने त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खाली उतरली.

राहिली शकू. शकू तर आनंदात होती. तिला गाडीत बसायला मिळणार होतं, नवं लुगडं मिळणार होतं, वाटेत नर्मदा दिसणार होती. विहिरीवर, पाटावर, जो भेटेल त्याला ती हेच सांगत होती. मैना आपल्या पोरीकडे बघत राही. आंदण म्हणून गेलेल्या पोरीचं पुढे काय होतं ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. एखाद्या दुपारी, मालकीण झोपलेली असताना, मालक हाक मारतो. जावं लागतं. मैनेला पहिल्यांदा हाक आली तेव्हा ती शकूहून फार मोठी नव्हती.

पळून जायचं तर कुठे? पळालेल्या कुणबिणीला कोतवालाची माणसं धरून परत आणत आणि मग पायात बेडी पडे. मैना दोन दिवस सैरभैर झाली. मग तिला एका माळ्याची आठवण आली. मागच्या उन्हाळ्यात त्याला बिब्बा उतला होता, म्हणजे बिब्ब्याच्या बीचं तेल अंगाला बाधलं होतं. तोंड भोपळ्यासारखं सुजलं, कातडी फुटली, आणि त्याला महारोग झाला म्हणून लोक त्याच्या सावलीलाही उभे राहीनात. पंधरवड्यात तो बरा झाला, तो भाग वेगळा. पण लग्नाला आता आठवडाच उरला होता. असं तोंड घेऊन कुणी नवरीमागे चालणार नाही.

दुपारी बंगला झोपला तेव्हा मैनेने द्राक्षांच्या मांडवामागे चूल पेटवली. बिब्बा सुईला टोचून जाळावर धरला. काळं तेल सुटलं. मग तिने शकूला हाक मारली.

“नवरीसंगं जानार तू. समद्यांची नजर लागंल. ये, तीट लावते.”

शकू समोर येऊन बसली आणि तिने आपणहून गाल पुढे केला. मैनेने एक ठिपका गालावर लावला, एक कपाळावर, एक हनुवटीला. हात थांबेना, म्हणून दोन्ही दंडांवरही लावले. शकू हसत म्हणाली की एवढी काही मी देखणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकूला डावा डोळा उघडता येईना. दुपारपर्यंत तोंड ओळखू येईनासं झालं. फोड टरारून आले, फुटले, पाणी वाहायला लागलं. पोर खाजवून खाजवून रडत होती. मैनेने तिचे हात फडक्यात बांधून ठेवले. तिला वाटलं होतं थोडं सुजेल. एवढं होईल असं वाटलं नव्हतं. बिब्ब्यावरचा उतारा म्हणून खोबरेल लावावं तर बिब्बा कळून यायचा, म्हणून तिने तेही लावलं नाही.

वैद्य यज्ञेश्वरशास्त्री पुण्याहून आले. ते बोलायला कमी आणि बोलले की टोचणारे. त्यांनी शकूला अंगणात लांब बसवलं आणि जरा वेळ बघितलं. मग मैनेला विचारलं, “बिब्बा हाताळलास का गं?”

“न्हाई जी,” मैना म्हणाली. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

“नाही ना. मग बरं,” असं म्हणून शास्त्री बंगल्यात गेले. आत बाईसाहेबांशी त्यांचं हळू आवाजात बराच वेळ बोलणं झालं. बाहेर येताना त्यांनी मैनेकडे पाहिलं नाही. पाठोपाठ कारभाऱ्याने येऊन हुकूम सांगितला. पोरीला महारोग झालाय, लग्नघर आहे, पाहुण्यांच्या नजरेस पडण्याआधी तिला नदीपलीकडे काढावं. मैनेने मोगऱ्याचं काम सोडायचं नाही.

याचा विचार मैनेने केलाच नव्हता. पोर आपल्याजवळ, बागेत राहील, एवढंच तिने धरलं होतं. दहा वर्षांची, सुजेने आंधळी झालेली पोर नदीपलीकडे एकटी टाकायची होती. मग तिने पदराखालचे हात काढून कारभाऱ्यासमोर धरले. बिब्ब्याचं तेल लागलेली तिची बोटं सुजली होती, कातडी सोललेली होती. कारभारी चार पावलं मागे सरला. आत जाऊन आला आणि लांबूनच म्हणाला की दोघीही जा.

फाटकाकडे जाताना तिला सरू दिसली. सरू मोटेवर राबायची, तीही कुणबीणच. मैनेच्या बाळंतपणात तिची वेणी घालणारी, शकूला दूध कमी पडलं तर आपल्या गोदाबरोबर छातीशी घेणारी. आज सरू मोटेवर नव्हती. ती बंगल्याच्या मागच्या पायरीवर उभी होती आणि दासी तिच्या गोदाला न्हाऊ घालत होत्या. गोदाच्या हातात नव्या बांगड्या भरल्या होत्या. शकूऐवजी गोदा जाणार होती.

सरूने मैनेला पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, तरी ती ओरडून म्हणाली की घाबरू नको, मी भाकरी घेऊन येत जाईन.

त्या वेळी मैनेने एक शब्द उच्चारला असता तर गोदाच्या हातातल्या बांगड्या उतरल्या असत्या. शब्द तिच्या ओठांपर्यंत आलाही. मग काखेत धरलेली शकू कण्हली आणि मैना फाटकाबाहेर पडली.

नदीपलीकडे, मांजरीच्या बाजूला, बागेसाठी उठवलेल्या लोकांची वस्ती होती. त्यांनी या दोघींना वस्तीत घेतलं नाही, पण एक पडकी खोप दाखवली. लग्नाच्या दिवशी तिथून सगळं दिसत होतं. वरच्या हौदाचं पाणी सोडलं तेव्हा कारंजी पुरुषभर उंच उडाली. सनई ऐकू येत होती. मोगऱ्याचा वास पाण्यावरून इकडे येत होता. शकूने विचारलं, “आये, गोदी आता गाडीत बसली आसंल का?” मैनेने तिच्या डोळ्यावर ओलं फडकं ठेवलं आणि गप्प पडून राहायला सांगितलं.

फोड महिन्याभरात सुकले. गालावर, कपाळावर काळे डाग राहिले. डावा डोळा मात्र गेला. त्यात पू झाला होता, वस्तीतल्या एका म्हातारीने दुरून सांगितलेला पाला लावून काही उपयोग झाला नाही. मैनेने स्वतःच्या हाताने पोरीचा डोळा घालवला होता, आणि पोर तिच्याच मांडीवर डोकं ठेवून तिलाच विचारत होती की मला हे कशामुळे झालं.

सरू बोलल्याप्रमाणे येत राहिली. नदीला उतार होता तोवर ती चार-आठ दिवसांनी यायची, खोपीपासून लांब एका दगडावर भाकरी आणि मिरचीचा ठेचा ठेवायची, आणि तिथेच बसून बागेतल्या गोष्टी सांगायची. गोदा गाडीत बसताना रडली नाही, असं सरू म्हणाली. विजयमालाबाईंनीच तिला जवळ घेतलं म्हणाली. वऱ्हाड नर्मदेपर्यंत सुखरूप पोचल्याचं कळलं, त्यापुढचं काही नाही. “पोरगी धीराची हाय माजी,” असं ती दर खेपेला म्हणायची. मैना खोपीच्या दारात डोक्यावरून पदर ओढून बसायची आणि सरू गेल्यावर ती भाकरी शकूला खाऊ घालायची. स्वतः त्यातला तुकडाही मोडत नसे.

पावसाळा सरला आणि नदी पुन्हा उतरण्याजोगी झाली. त्या खेपेला सरू नेहमीच्या वेळेआधी आली. मैना काटक्या आणायला गेली होती आणि शकू उन्हात बसून केस विंचरत होती. सरू जवळ गेली. महारोग्याच्या जवळ जायचं नसतं, तरी गेली, कारण पोरीला तिने स्वतःचं दूध पाजलं होतं. तिने शकूची हनुवटी वर केली. डाग होते, पण कातडी नितळ, घट्ट बसली होती. नाक शाबूत, बोटं शाबूत. महारोग असा बरा होत नाही.

मैना काटक्यांचा भारा घेऊन आली, तेव्हा सरू शकूला विचारत होती की दुखणं यायच्या आधी काय झालं होतं. शकूने सरळ सांगितलं, आईने तीट लावली होती.

 मैनेने भारा खाली टाकला आणि तिच्या पायाशी बसली.

“मला सांगितलं आसतंस,” सरू म्हणाली, “तर मीबी माज्या पोरीला लावली आसती.”

तिचा आवाज चढला नाही. तिने दगडावरचं भाकरीचं फडकं उचललं, भाकरी तिथेच ठेवली, फडकं झटकून खांद्यावर टाकलं आणि नदीकडे चालू लागली.

त्यानंतर ती आली नाही. तिने बागेत कुणाला काही सांगितलंही नाही. मैना पुष्कळ दिवस वाट बघत होती की कोतवालाचा माणूस येईल, पण कोणी आलं नाही. तेच तिला सोसेना. शेवटी तिने शकूला मांजरीच्या एका उसाच्या मळ्यावर, गुऱ्हाळावर काम करणाऱ्या विधवा बाईकडे ठेवलं. डाग काय सगळ्यांनाच असतात असं त्या बाईने मनाला समजावलं, कारण तिला माणसाची गरज होती. मग मैना एकटी नदी उतरून बागेत गेली.

बाईसाहेब कारंज्याशेजारच्या ओट्यावर बसल्या होत्या. मैनेने लांबून जमिनीला डोकं टेकलं आणि सगळं सांगून टाकलं. बिब्बा, तीट, वैद्यांशी बोललेलं खोटं. ती म्हणाली की शिक्षा माझी आहे, गोदाची नाही. पत्र धाडून तिला परत बोलवा आणि तिच्या जागी मला पाठवा.

बाईसाहेबांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर नवल दिसलं नाही.

“बिब्बा असल्याचं शास्त्रीबुवांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या.

मैनेला आधी कळलंच नाही.

“ते नाक माझ्या समोरून गेलं पाहिजे होतं. विजयमालेबरोबर जावं की नदीपलीकडे, त्याचं मला काही नव्हतं. नदीपलीकडे बरं. तिकडच्या मंडळींना एकसारख्या दोन पोरी दिसल्या नाहीत.” त्यांनी पायातलं जोडवं सारखं केलं. “आंदण परत मागायची रीत नाही. तुला माहीत आहे.”

 मैनेला आठवलं, शास्त्री बाहेर आले तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. ज्यांच्यापासून लपवलं त्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त सरूला नव्हतं, आणि जिला सांगण्याची खरी गरज होती तिलाच आपण सांगितलं नाही, हे तिला तिथे, त्या ओट्याशी, नीट कळलं.

बाईसाहेब उठल्या. जाता जाता म्हणाल्या, “हात बरे दिसताहेत. मोगरा वाळून चाललाय, नव्या माणसाला जमत नाही. उद्यापासून ये.”

ती कुणबीण होती. उद्यापासून ये म्हटल्यावर न येण्याची सोय नव्हती. ती गेली नसती तर माणसं शकूलाही हुडकत मांजरीपर्यंत आली असती. दुसऱ्या दिवशी मैना वाफ्यावर होती.

सरूला तोवर मोटेवरून काढून फुलांवर लावलं होतं. दोघी एकाच वाफ्यात, एकमेकींकडे पाठ करून खुरपायच्या. सरू तिच्याशी बोलली नाही. मैनेने बाईसाहेबांनी सांगितलेलं सगळं एकदा तिला सांगितलं, तेव्हाही बोलली नाही. फक्त खुरपं मातीत जरा जोरात मारलं. शकूला मैना सणासुदीला, रजा मिळाली तर, भेटायला जायची. पोर गुऱ्हाळावर रुळली होती. एका डोळ्याने तिला नदीपलीकडची बाग हिरव्या पट्ट्यासारखी दिसायची म्हणे. तिने आईला कधी दोष दिला नाही आणि कधी जवळही घेतलं नाही.

तिसऱ्या वर्षी, ऐन बहरात, उत्तरेहून जासूद आला. बंगल्यात रडारड झाली, कारंजी बंद केली, पाहुणे परत फिरले. विजयमालाबाई पहिल्या बाळंतपणात गेल्या होत्या. मूलही गेलं होतं. कारभाऱ्याने ते येऊन वाफ्यावर सांगितलं आणि वर हेही सांगितलं, की बाईंबरोबर गेलेल्या पोरीला त्या घराने ठेवून घेतलंय. तिलाही दिवस गेलेत म्हणतात. आता ती तिकडचीच.

सरूचे हात थांबले नाहीत. दिवस बुडायच्या आत फुलं तोडायची होती, घरात सुतक असलं तरी बहर थांबत नाही. ती कळ्या खुडत राहिली, पण आता हाताला लागेल ते, पानं, कोवळे शेंडे, सगळंच टोपलीत जात होतं.

मैना आपल्या ओळीतून उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. सरूने मान वर केली नाही. उठूनही गेली नाही. मैना तिच्या टोपलीतली पानं वेचून बाजूला टाकू लागली.